मुद्देमाल : २३ लिटर

ज्या इसमाने आपल्या उमेदीची ३१ वर्षे दारूबंदी खात्याच्या एका जिल्हा कचेरीत पंचनाम्यांच्या नकला करण्यात, जप्त मुद्देमालाच्या फेरिस्ता लिहिण्यात आणि मुदत संपलेल्या परवान्यांच्या नोटिसा काढण्यात खर्ची घातली, त्याच इसमाने निवृत्तीनंतर, वयाच्या ६७ व्या वर्षी, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील आपल्या चिरंजीवांच्या तळघरात २३ लिटर वाइन स्वहस्ते सिद्ध करावी, यास दैवाचा उपहास म्हणावे की पेन्शनचा दुष्परिणाम, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवतो. माझ्या बचावाची कैफियत एवढीच, की आरोपी स्वतः व्यसनी नाही, गुन्ह्याचे साहित्य त्याने विकत घेतलेले नाही, आणि ज्या जानेवारी महिन्यात हा प्रकार घडला त्या महिन्यात त्या मुलुखात घराबाहेर पडून काही सदाचरण करणे मानवी देहास शक्य नव्हते.

साहित्य घरात आले ते वाढदिवसाच्या भेटीच्या मिषाने. चिरंजीवांनी एक जड खोका माझ्यापुढे आणून ठेवला. त्याच्या अंगावर द्राक्षमळ्याचे, मावळत्या सूर्याचे आणि टेकडीवरील एका दगडी वाड्याचे रंगीत चित्र होते. आत मात्र मळा नव्हता, वाडा नव्हता, फार काय, द्राक्षाचा देठदेखील नव्हता. निघाली ती काकवीसारख्या दाट, काळपट रसाने भरलेली प्लास्टिकची पिशवी, ओकच्या लाकडाचा थोडा कीस, क्रमांक घातलेल्या पाचसहा पुड्या आणि एक माहितीपत्रक. जुन्या सवयीने मी प्रथम यादीशी जिनसांची रुजुवात घातली. आमच्या कचेरीत हातभट्टीच्या मुद्देमालाची फेरिस्त वर्षानुवर्षे बदलली नाही : काळा गूळ, नवसागर, सडके रसायन, पत्र्याचे पिंप आणि रबरी नळी. येथे गुळाच्या जागी द्राक्षरस होता, नवसागराच्या जागी सभ्य नावांचे क्षार होते, आणि सोबतच्या दुसऱ्या खोक्यात पिंप व नळी या दोन जिनसा जवळजवळ जशाच्या तशा होत्या. माझ्या हातास कंप सुटला. घरच्यांनी तो वयोमानामुळे आहे असे मानून मला खुर्ची दिली.

“परवाना कुठाय?” मी विचारले.

“कसला परवाना, बाबा? घरच्यापुरती करायची तर इथं काही लागत नाही. विकायची नाही, एवढंच.”

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे कलम ६५ ज्याने टंकलेखन यंत्रावर इतक्या वेळा उठवले की त्यातील आकड्यांचे खिळे आधी झिजले, त्याला हे उत्तर ऐकून परमुलुखात आल्याची खरी जाणीव झाली. ज्या राज्यात पिणाऱ्यासही परवाना लागतो तेथून मी आलो होतो. आणि येथे करणाऱ्यासही तो लागत नव्हता. परंतु पुढे चौकशीअंती कळले, की हा प्रांतही मुळात आमच्याच गोत्राचा. १९१६ पासून १९२७ पर्यंत येथेही दारूबंदी होती, फक्त प्रांतातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला तीतून सूट होती, म्हणजे नीतीची चाड राखताना शेतकऱ्याच्या मतांचीही राखलेली होती. बंदी उठल्यावर सरकारी दुकाने निघाली आणि प्रत्येक गिऱ्हाइकास परवान्याची पुस्तिका मिळाली, जिच्यात त्याची प्रत्येक खरेदी नोंदवली जाई. ती पुस्तिका मी पाहिलेली नाही. पण तिचे रकाने कसे आखले असतील, शेरा कोणत्या बाजूस आणि सही कोणत्या बाजूस असेल, हे मी डोळे मिटून सांगू शकतो.

कायद्याची ही लीला अद्यापि संपलेली नाही. ज्यांच्या घरी तळघर नाही अशांसाठी या प्रांतात काही दुकाने आहेत, जेथे पिंप दुकानदाराचे, जागा दुकानदाराची, देखरेख दुकानदाराची. मात्र यीस्टची पुडी गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने रसावर टाकावयाची आणि शेवटी बाटल्याही त्यानेच भरावयाच्या, म्हणजे वाइन त्यानेच केली असे कायद्याच्या दृष्टीने ठरते. पूजेतील सारे कर्म भटजींनी करावे आणि यजमानाने पळीला बोट लावून “मम” म्हणावे, ही आमची प्राचीन सोय या लोकांना कोणी शिकवली कोण जाणे. अमेरिकेत तर १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात दाट केलेल्या द्राक्षरसाच्या विटा विकल्या जात, आणि त्यांवर अशी सूचना असे, की ही वीट पाण्यात विरघळवून कपाटात वीस दिवस ठेवू नये, ठेवल्यास तिची वाइन होईल. इतकी तपशीलवार आणि इतकी उपयुक्त मनाई मी माझ्या हयातीत एकाही सरकारी परिपत्रकात वाचली नाही. माझ्यासमोरचा खोका त्या विटांच्याच वंशातला होता. फरक एवढाच, की पूर्वजांचा ‘नको’ त्याने गाळला होता.

माहितीपत्रक उघडले आणि पहिल्याच परिच्छेदात माझा एक भ्रम नाहीसा झाला. वाइन करणारा मनुष्य म्हणजे संध्याकाळच्या प्रकाशात पेला उंच धरून उभा असलेला कोणी रसिक, अशी माझी समजूत होती. वस्तुतः तो मोरीत उकिडवा बसलेला, बाह्या कोपरापर्यंत सारलेला, हातात ब्रश घेतलेला एक गृहस्थ असतो. पिंप धुवा, झाकण धुवा, नळी धुवा, चमचा धुवा; मग धुतलेले सारे पुन्हा मेटाबायसल्फाइट नावाच्या क्षाराच्या पाण्याने विसळा, ज्याचा वास ओढलेल्या काडेपेटीसारखा असून तो नाकात गेला असता मनुष्य तीन शिंका आणि एक देवाचे नाव घेतो. कारण असे, की आपल्याला हवे तेच जंतू रसात जावेत आणि न बोलावलेले येऊ नयेत. हे वाचताना मला माझी आजी आठवली, जिने लोणच्याच्या बरणीस ओला चमचा लावल्याबद्दल प्रत्यक्ष कलेक्टराचीही गय केली नसती. लुई पाश्चरने गेल्याच्या मागील शतकात जे सूक्ष्मदर्शकातून पाहिले, ते आमच्या घरात सोवळ्याच्या नावाखाली केव्हाच अंमलात होते. फक्त त्याची कारणमीमांसा विचारणाऱ्यास उत्तराऐवजी फटका मिळे.

तळघर स्वच्छ झाल्यावर मुख्य विधीस प्रारंभ झाला. कोमट पाण्यात बेंटोनाइट नावाची माती कालवली. ही ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली बारीक माती पुढे गाळ धरून खाली बसते. तीवर रस ओतला, २३ लिटरांच्या खुणेपर्यंत पाणी भरले, आणि मग हायड्रोमीटर नावाची काचेची नळी त्यात तरंगत सोडली. तिला पाहताच जुनी ओळख पटली. गवळ्याच्या चरवीत नळी सोडून पाणी पकडणारे दूधतपासनीस आमच्या कचेरीच्या शेजारीच बसत. ही त्यांच्याच नळीची थोरली बहीण. रसात साखर जितकी अधिक तितकी ती वर तरंगते आणि साखरेचा मद्यार्क होऊ लागला की हळूहळू खाली बुडत जाते. माझे पहिले वाचन १.०९० आले. मी ते दिनांक व वेळेसह नव्या वहीत नोंदवले, खाली सही केली, आणि कित्येक वर्षांनंतर प्रथमच आपण कोणी आहोत असे मला वाटले.

यीस्टची पुडी पाच ग्रॅमची. त्या चिमूटभर भुकटीतले जीव साखर खातात आणि तिचा अर्धाअधिक भाग मद्यार्काच्या व उरलेला कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने परत करतात. खाल्लेल्याचा इतका चोख हिशेब देणारा दुसरा प्राणी माझ्या नोकरीच्या काळात तरी माझ्या पाहण्यात आला नाही. मात्र या मंडळींना ऊब लागते. पत्रकात २० ते २५ अंशांचा आग्रह होता आणि आमच्या तळघरात पारा १६ वर बसला होता. चिरंजीव विजेचा पट्टा आणावयास निघाले. पण सौभाग्यवतींनी काही न बोलता भारतातून आणलेली गोधडी पिंपाभोवती गुंडाळली आणि वर नाडीने गाठ मारली. “दह्याला करतो तसं,” एवढेच तिचे भाष्य. त्यावरून मला आमच्या गावचे वैद्य आठवले. ते द्राक्षासव करीत, तेव्हा मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुले तुपाने माखलेल्या मडक्यात घालून, तोंड कापड-मातीने लिंपून, ते मडके धान्याच्या राशीत पुरून ठेवीत, आणि महिन्याने उघडताना तोंडाशी पेटती काडी नेत. काडी विझली तर आतले काम चालू आहे, जळत राहिली तर आसव सिद्ध झाले. थोडक्यात, धायटीच्या फुलांऐवजी पुडी, धान्याऐवजी गोधडी आणि काडीऐवजी काचेची नळी, एवढाच काय तो मध्यंतरीच्या काळाचा विकास. आणि ज्या आसवाचा चमचा लहानपणी नाक दाबून आम्हांस पाजला गेला त्यातही मद्यार्क असतो, ही गोष्ट आमच्या खात्याने कुलवंत घराण्यांच्या सोयीसाठी औषध या सदरात घातली होती.

दुसऱ्या रात्री सौभाग्यवतींनी मला हलवून जागे केले. “अहो, खाली कुणीतरी गुडगुडी ओढतंय.” झाकणात बसवलेल्या वाकड्या नळीतल्या पाण्यातून वायूचे बुडबुडे निघत होते, आणि त्या निःशब्द, हिमाच्छादित रात्री तो आवाज जहागीरदाराच्या दिवाणखान्यासारखा दोन मजले चढून वर येत होता. मी उठून तळघरात गेलो, स्टुलावर बसलो आणि घड्याळ लावून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजू लागलो. या मोजणीचा शास्त्रीय उपयोग शून्य आहे, बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले असे होत नाही, खरी साक्ष हायड्रोमीटरचीच धरावयाची, असे पत्रकात स्पष्ट लिहिले आहे. तथापि मी पाच रात्री मोजले. वहीत त्याचा स्वतंत्र रकाना आहे.

सहाव्या दिवशी वाचन १.०१० वर उतरले आणि गाळ मागे ठेवून रस काचेच्या मोठ्या बुधल्यात घेण्याची वेळ आली. नळीचे एक टोक वर, एक खाली, आणि तोंडाने एकदा ओढून धार सुरू करावयाची, ही विद्या रॉकेलच्या डब्यावर मी बालपणीच संपादन केली होती. पण तोंड लावताच सोवळे मोडते, हे चिरंजीवांनी ओरडून सांगितले तेव्हा धार सुरू होऊन माझ्या जिभेवर पहिला मासला आलाही होता. चव आंबट, झोंबरी आणि किंचित फसफसती होती. मी ती नोंदवली नाही.

चौदाव्या दिवशी ०.९९४ हा आकडा आला, म्हणजे द्रव पाण्याहूनही हलका झाला. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळे असे होते. पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणावे म्हणजे मद्यार्काचे प्रमाण निघते, ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास भरले. गणित बरोबर आल्याच्या आनंदात मी पुढील कलम घाईने वाचले. त्यात असे होते, की द्रवात विरघळून राहिलेला वायू प्रथम भरपूर ढवळून काढून टाकावा आणि मग उरलेल्या पुड्या घालाव्यात. यातील ‘प्रथम’ आणि ‘मग’ या दोन शब्दांची माझ्याकडून अदलाबदल झाली. सोड्याच्या बाटलीत मिठाची चिमूट टाकली असता काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनी तीच घटना २३ लिटरांच्या प्रमाणावर कल्पनेत आणावी. बुधल्याच्या अरुंद गळ्यातून जांभळ्या फेसाचा एक स्तंभ उठला, छताच्या दिशेने काही अंतर गेला, विचार बदलून खाली आला, आणि कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी घड्या घालून ठेवलेल्या सूनबाईंच्या पांढऱ्या चादरींवर विसावला. मागे एका क्षणात जिना वाजला. माझ्या मनात आपोआप मजकूर उमटू लागला : घटनास्थळ, घराचे तळघर, पंच, सौभाग्यवती व सूनबाई, इसम भिंतीस टेकून उभा, दोन्ही हात जांभळे, जबाब देण्याच्या मनःस्थितीत नाही.

“बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?” सूनबाईंनी विचारले, आणि मग चादरींकडे पाहून त्यांनी जे मौन धरले ते गुरुवारपर्यंत टिकले.

या गडबडीत जमिनीवर पडलेले एक पाकीट सौभाग्यवतींनी उचलून चष्मा लावून वाचले. वाइन नितळ करण्यासाठी घालावयाचे ते द्रव्य कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून केलेले होते. ज्या साध्वीने चौदा दिवस घरात मद्य होत असता एक शब्द उच्चारला नव्हता, तिच्या चेहऱ्यावर आता प्रथमच धर्मसंकट दिसले. “अहो, निदान चतुर्थीला तरी याला शिवू नका.” ते द्रव्य गाळाबरोबर तळाशी बसते व मागेच राहते, असे मी परोपरीने समजावले, तेव्हा गोधडी तिने परत नेली.

शेजारी एक इटालियन वंशाचे आजोबा राहतात. दर सप्टेंबरात त्यांच्या गॅरेजात द्राक्षांच्या पेट्या उतरतात, वडिलोपार्जित लाकडी घाणा बाहेर निघतो आणि तीन पिढ्या मनगटापर्यंत लाल होतात. माझा खोका त्यांनी पाहिला, त्यावरील वाड्याचे चित्र पाहिले, आणि पापडाच्या आयत्या पाकिटाकडे आमच्या आत्याबाई ज्या नजरेने पाहत त्याच नजरेने ते माझ्याकडे पाहून निघून गेले. पुढे त्यांना मी एक पेला दिला. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, बराच वेळ बर्फाकडे पाहिले आणि म्हणाले, “व्हिनेगर झालेली नाही.” याहून मोठे प्रशस्तिपत्र त्यांनी स्वतःच्या जावयासही दिलेले नाही, असे मागाहून कळले.

बाटल्यांचे प्रकरण मात्र निराळे. २३ लिटर म्हणजे पाऊण लिटरच्या ३० बाटल्या, आणि त्या खोक्यात नसतात. या प्रांतात रिकामी वाइनची बाटली परत केली असता वीस सेंट मिळतात. त्यामुळे ओळखीच्या मराठी घरांतून ३० बाटल्या जमवणे म्हणजे सहा डॉलरांची वर्गणी गोळा करण्यासारखेच होते, आणि देणाऱ्या प्रत्येकाने “झाली की आठवण ठेवा” असे म्हणून ती वर्गणी कर्जाऊ करून टाकली. एकेका बाटलीवरील कागद खरवडून काढण्यात माझे तीन दिवस गेले. मग भरणे, बुचे ठोकणे, तीन दिवस उभ्या ठेवून नंतर आडव्या निजवणे हे सोपस्कार झाले, आणि चिरंजीव वाइनला काही सुंदर नाव सुचवीत असता मी प्रत्येकीवर क्रमांक व दिनांक घातला.

कर्जदारांची परतफेड व्हावी म्हणून महिन्याभरातच काही मंडळींना बोलावले. त्यांनी पेले उजेडाकडे धरले, एकमेकांकडे पाहिले आणि “छान आहे” असे म्हटले. मुलगी पाहून जिना उतरताना वरपक्ष ज्या आवाजात “कळवतो” म्हणतो, तो आवाज मी ताबडतोब ओळखला. दोष त्यांचा नव्हता. पत्रकाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेच होते, की तांबडी वाइन निदान सहा महिने तशीच पडू द्यावी, वर्षभर राहिल्यास उत्तम. आणि याच ओळीवर बहुतेक नवशिके नापास होतात.

येथे माझ्या आयुष्याचा अर्थ मला अकस्मात उलगडला. हौसेने हे काम आरंभणारे तरुण रसिक असतात, उत्साही असतात, रसायनशास्त्र जाणतात. त्यांच्यात एकच गोष्ट नसते, ती म्हणजे काही न करण्याची शक्ती. ते रोज झाकण उघडतात, रोज चाखतात, रोज ढवळतात. याउलट, ज्याने प्रत्येक वस्तूची नोंद ठेवावी, प्रत्येक पृष्ठभाग पुसून घ्यावा, आणि एकदा कपाटात गेलेल्या प्रकरणास महिनोन्महिने हात म्हणून लावू नये, असा मनुष्य या कलेस हवा असतो. आणि असा मनुष्य सरकारी कचेरीखेरीज इतरत्र तयार होत नाही. ज्या दिरंगाईबद्दल माझ्या गोपनीय अहवालात तीन साहेबांनी ताशेरे ओढले, तीच दिरंगाई बाटलीत घालून आडवी ठेवली असता तिला परिपक्वता म्हणतात. मी उरलेल्या १९ बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या, कपाटावर ‘प्रलंबित’ अशी चिठ्ठी लावली आणि मागे वळूनही पाहिले नाही.

सप्टेंबरात, शेजारच्या गॅरेजात पेट्या उतरत असता, पहिली बाटली काढली. झोंबरेपणा गेला होता, ओकच्या लाकडाचा मंद वास आला होता, आणि आजोबांनी यावेळी बर्फ नसल्यामुळे माझ्याकडे पाहून दुसरा पेला पुढे केला. त्यानंतर बातमी फुटली आणि कपाट तीन आठवड्यांत रिकामे झाले. ज्यांनी “छान आहे” म्हटले होते ते आता फोन करून “काही शिल्लक?” असे विचारू लागले.

वास्तविक येथे प्रकरण निकालात निघावयाचे. परंतु मंडळींनी, जुने ऋण स्मरून, रिकाम्या बाटल्या परत आणून दिल्या, आणि धुतलेल्या, कागद खरवडलेल्या ३० निष्कलंक बाटल्या तळघरात रांगेने उभ्या राहिल्या. चिरंजीव म्हणाले, “बाबा, देऊन टाकू या, सहा डॉलर मिळतील.” ज्या घराण्यात श्रीखंडाचा रिकामा डबा तीन पिढ्या जपला जातो, त्या घराण्यात जन्मलेल्या मुलाने असे बोलावे याचा मला खेद झाला. मी वही काढली, नवे पान आखले आणि दुसरा खोका आणविला, यावेळी स्वतःच्या पेन्शनीतून.

रुजुवात आज सकाळी नऊ वाजता झाली. आरंभीचे वाचन १.०८८, तापमान २२ अंश, गोधडी, सौभाग्यवतींच्या संमतीने, एक, मुद्देमाल २३ लिटर. सूनबाईंच्या चादरी वरच्या मजल्यावर हलविण्यात आल्या आहेत.